जुन्या पेठेत नवी पाटी: दुकानाचा फलक लावण्याआधी काय पाहायचं, कोणाला विचारायचं

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडी, सिटी चौक, सराफा, रंगारगल्ली, शहागंज या भागात पहिल्यांदाच दुकान थाटणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. लातूरच्या गंजगोलाईत, पैठणच्या जुन्या पेठेत किंवा तुळजापूरच्या मंदिराकडच्या गल्लीत गाळा घेतला असेल, तरी यातलं बहुतेक लागू पडेल.

अशा दुकानांचा क्रम सहसा ठरलेला असतो. भाडं ठरतं, अनामत जाते, फर्निचर होतं, माल भरला जातो आणि उद्घाटन तोंडावर आलं की पाटीची आठवण होते. पत्रिका वाटून झालेल्या असतात, हातात वेळ नसतो आणि मग फ्लेक्सवाला म्हणेल ती पूर्व दिशा. जुन्या इमारतींच्या दर्शनी भागाचं सगळ्यात जास्त नुकसान या शेवटच्या घाईतच होतं. म्हणून पहिली सूचना ही, की भाडेकरारावर सही करतानाच पाटीचा विषय काढा. परवानगी, नकाशा, कारागीर यांसाठी हातात निदान महिना-दोन महिने असू द्या.

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते. इतक्या दर्शनी भिंती पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालंय: जुन्या इमारतीत पाटीची जागा बांधणाऱ्याने आधीच करून ठेवलेली असते. ती सापडली की आकार, साहित्य, दिवा हे पुढचे सगळे प्रश्न निम्मे सुटतात. पण ती जागा शोधण्याआधी इमारतीवर कोणाकोणाचे नियम चालतात ते कळायला हवं.

इमारत कोणाच्या अखत्यारीत येते?

सगळ्यात कडक नियम केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांभोवती आहेत. बीबी का मकबरा, देवगिरीचा किल्ला, खुलताबादची औरंगजेबाची कबर ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या यादीतली स्मारकं. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचा पट्टा प्रतिबंधित आणि त्यापुढचा २०० मीटरचा पट्टा नियंत्रित आहे. अंतर घुमटापासून किंवा प्रवेशद्वारापासून मोजत नाहीत, संरक्षित हद्दीच्या रेषेपासून मोजतात. बेगमपुऱ्यात दुकान घेणाऱ्यांची इथेच फसगत होते. मकबरा लांब दिसतो, म्हणून ते निर्धास्त राहतात.

प्रतिबंधित पट्ट्यात नवं बांधकाम करता येत नाही. १६ जून १९९२ पूर्वीपासून उभ्या असलेल्या किंवा नंतर रीतसर परवानगीने झालेल्या इमारतीची दुरुस्ती करता येते, पण तीही परवानगी घेऊनच. नियंत्रित पट्ट्यात बांधकामाला आणि दुरुस्तीलाही राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीवर सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी लागते. परवानगीशिवाय बांधकाम केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. भिंतीवर टांगलेली साधी पाटी हे बांधकाम नव्हे, असं कोणी सांगेल. पण जमिनीत खांब रोवून उभा केलेला फलक, दुकानापुढे काढलेलं लोखंडी छत, वरच्या मजल्यावर चढवलेला सांगाडा यांची गोष्ट वेगळी. अशा पट्ट्यात दुकान असेल तर पाटीचा नकाशा जोडून लेखी विचारणा करा आणि उत्तरही लेखीच घ्या. तोंडी ‘लावा हो, काही होत नाही’ या भरवशावर खर्च करू नका.

दुसरा थर राज्य पुरातत्त्व विभागाच्या स्मारकांचा आणि तिसरा महापालिकेच्या वारसा यादीचा. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली २०२० च्या डिसेंबरमध्ये लागू झाली. तिच्यात वारसा इमारतींच्या आणि वारसा परिसरांच्या जतनाची तरतूद आहे. यादीतल्या वास्तूंच्या तीन श्रेणी असतात. पहिल्या श्रेणीच्या वास्तूच्या दर्शनी भागाला हात लावणं जवळपास अशक्य असतं. तिसऱ्या श्रेणीत बरीच मोकळीक असते, पण तिथेही रस्त्याकडून दिसणारं रूप बिघडता कामा नये. यादीत येणाऱ्या इमारतीवर फलक लावताना आयुक्तांची परवानगी वारसा समितीच्या सल्ल्याने मिळते. आपली इमारत यादीत आहे का, हे नगररचना विभागात विचारायचं. घरमालकाला हे माहीत असतंच असं नाही. अनेकांना आपला वाडा यादीत आहे याचा पत्ताच नसतो.

शहराच्या जुन्या ऐतिहासिक दरवाजांच्या आसपासच्या दुकानांनी जास्त जपायला हवं. भडकल दरवाजा मलिक अंबरने १६१२ च्या सुमारास बांधला आणि शहराची तटबंदी औरंगजेबाने १६८२ मध्ये उभारली. जुन्या गल्ल्यांमध्ये एखाद्या दुकानाची मागची किंवा बाजूची भिंत तटाचाच उरलेला भाग निघते, असंही घडतं. तिथे खिळासुद्धा ठोकण्याआधी विचारा. आणि उद्घाटनाची पोस्टरं दरवाजावर किंवा तटावर चिकटवू नका. मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायद्यात, १९९५ पासून, यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

उरतात कोणत्याच यादीत नसलेल्या जुन्या इमारती. पेठेतली बहुसंख्य दुकानं अशीच आहेत. इथे वारसा समिती आडवी येत नाही, पण महापालिकेचे फलकांचे नियम येतातच. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २४४ मध्ये आकाशचिन्हं आणि २४५ मध्ये जाहिराती येतात. त्याखालची सविस्तर नियमावली २०२२ मध्ये आली. छताच्या वर चढून आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारा फलक म्हणजे आकाशचिन्ह. आपल्या दुकानाच्या दारावर आपल्याच दुकानाचं नाव लावणं वेगळं आणि त्याच भिंतीवर शीतपेयाच्या किंवा मोबाइल कंपनीच्या जाहिरातीला जागा देणं वेगळं. कंपनीवाला ‘बोर्ड फुकट करून देतो’ म्हणतो तेव्हा त्या बोर्डाचा मोठा भाग त्याच्या मालाची जाहिरात असतो आणि परवान्याचा, शुल्काचा प्रश्न तुमच्या दारात येतो. पैठण, तुळजापूर, अंबाजोगाई, उदगीर, धाराशिव इथे नगरपरिषद आहे, त्यामुळे १९६५ चा नगरपरिषद अधिनियम लागू होतो. नांदेड, लातूर, परभणी आणि २०२३ पासून जालना इथे महापालिका आहे.

मालकाची संमती कागदावर

जुन्या पेठेत बहुतेक दुकानं भाड्याची असतात आणि भाडेकरू पिढ्यानपिढ्यांचे असतात. मराठवाड्यात पूर्वी १९५४ चा हैदराबाद राज्याचा घरभाडे कायदा चालायचा. त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ने घेतली. या कायद्यात मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम करणं हे जागा खाली करून घेण्याचं एक कारण आहे. पाटी म्हणजे पक्कं बांधकाम नव्हे, हे खरं. पण पाटीसाठी भिंत फोडली, छज्जा वाढवला, लोखंडी चौकट सिमेंटमध्ये गाडली, तर वादाला निमित्त मिळतं. भाडेकरारातच पाटीची जागा, लांबी-रुंदी, बसवण्याची पद्धत आणि दुकान सोडताना भिंत पूर्ववत कोण करणार, हे चार ओळींत लिहून घ्या. वाडा चुलत्यांच्या सामाईक नावावर असेल तर एकाच काकांची सही पुरत नाही.

पाटीवर काय लिहायचं

महाराष्ट्रात प्रत्येक दुकानाचं नाव मराठीत, देवनागरी लिपीत असणं बंधनकारक आहे. दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही हे लागू झालं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. ती केव्हाच संपली. मराठी अक्षरं आधी यायला हवीत आणि दुसऱ्या कोणत्याही लिपीपेक्षा लहान नकोत. दंड एक लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो. दारू विकणाऱ्या दुकानांना महापुरुषांची, थोर स्त्रियांची किंवा गडकिल्ल्यांची नावं देता येत नाहीत. परमिट रूमला ‘देवगिरी’ किंवा ‘नळदुर्ग’ नाव द्यायचा बेत असेल तर तो आत्ताच बदला.

मराठीच्या खाली दुसरी लिपी ठेवायला मनाई नाही. शहागंजात, सिटी चौकात कित्येक पाट्यांवर मराठी आणि उर्दू शेजारीशेजारी दिसतात. ही या शहराची जुनी रीत आहे. मला ती फार आवडते आणि ती टिकावी असं मनापासून वाटतं. फक्त तिसरी, चौथी लिपी घालताना जागेचा विचार करा.

जीएसटी नोंदणी असेल तर जीएसटी क्रमांक प्रवेशाजवळच्या नामफलकावर लिहावा लागतो. कंपोझिशन योजनेत असाल तर तसा उल्लेखही दर्शनी भागी लागतो. यासाठी मुख्य पाटी वाढवायची गरज नाही. खालच्या कोपऱ्यात इंचभर उंचीची ओळ किंवा दाराच्या चौकटीशेजारी छोटी पट्टी पुरते. बाकी मजकुराला कात्री लावा. ‘आमचे येथे सर्व प्रकारचे’ अशी सुरुवात करून पंधरा वस्तूंची यादी लिहिलेली पाटी रस्त्यावरून कोणी वाचत नाही. नाव, धंदा काय तो एका-दोन शब्दांत आणि हवं तर स्थापनेचं साल. फोन नंबर काचेवर लिहा. देवदेवतांचे, नेत्यांचे फोटो आतल्या भिंतीवर जास्त मानाने राहतात.

पाटीची जागा शोधणं

इथे घाई करू नका. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून सकाळी दुकानं उघडायच्या आधी इमारतीचा समोरून फोटो काढा. आधीच्या भाडेकरूचा फ्लेक्स असेल तर तो उतरवल्यावर काढा.

मराठवाड्यातल्या जुन्या बाजारांत साधारण तीन तऱ्हांच्या दर्शनी भिंती दिसतात. पहिली लाकडी चौकटींची. सागवानी खांब, वर आडवी तुळई, तिच्यावर पुढे आलेला सज्जा. खांबांच्या डोक्यावर कोरीव काम असतं, पण तुळईचा मधला भाग बहुधा सपाट असतो. पाटीची जागा तीच. लांबी दोन खांबांमधली, उंची तुळईएवढी. दुसरी तऱ्हा महिरपींची, दगडी किंवा चुन्याच्या गिलाव्यातली. इथे कमानीच्या वर, पुढचा सज्जा सुरू होण्याआधी, एक सपाट पट्टा सोडलेला असतो. तिथे पाटी बसते. पट्टा अगदीच अरुंद असेल तर पाटी कमानीच्या आत, दाराच्या वरच्या भागात, थोडी मागे सरकवून टांगायची. तिसरी तऱ्हा निजामाच्या राजवटीच्या अखेरीस आणि त्यानंतर बांधलेल्या सिमेंटच्या दुमजली इमारतींची. त्यांत तर दुकानाच्या वर पाटीसाठी चौकोनच काढलेला असतो, कधीकधी गिलाव्यात उठावाची किनारही असते. इतकी सोय असताना लोक तो चौकोन झाकून दुप्पट मोठी पाटी लावतात.

या तिन्ही तऱ्हांत नियम एकच: खांबाचं डोकं, कमानीचा कळस, सज्जाचा आधार, खिडकी आणि इमारतीवर कोरलेलं साल किंवा नाव यांपैकी काहीही झाकलं जाता कामा नये. पाटी आपल्या गाळ्याच्या रुंदीबाहेर जायला नको आणि पहिल्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंत चढायला नको.

गंजगोलाईत हे सगळ्यात स्पष्ट कळतं. मधोमध जगदंबेचं मंदिर, भोवती गोल बाजार आणि त्याला येऊन मिळणारे १६ रस्ते. तो गोल डोळ्यांना दिसतो तो एका रेषेत जाणाऱ्या दर्शनी भागामुळे. एका दुकानाने पाटी दोन फूट पुढे काढली की शेजारच्याची झाकली जाते. मग तो तीन फूट काढतो. सगळे पुढे सरकतात, कोणाचीच पाटी जास्त दिसत नाही आणि गोलाई मात्र दिसेनाशी होते. पाट्या एका उंचीवर, एका रेषेत ठेवायचं शेजाऱ्यांशी बोलून ठरवलं तर प्रत्येकाचा खर्च कमी होतो.

मुंबईत हे होऊन गेलंय. वारसा नियमावली देशात पहिल्यांदा तिथे आली, १९९५ मध्ये. त्यानंतर वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या पुढाकाराने फोर्टमधल्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर दुकानदारांना बरोबर घेऊन पाट्या कमानींच्या आत बसवण्याचं काम झालं. कमानी मोकळ्या झाल्या आणि दुकानंही चालू राहिली. त्या कामाची २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांत दखल घेतली गेली. आपल्याकडे एखाद्या गल्लीच्या व्यापाऱ्यांनी मनावर घेतलं तर हे का होऊ नये?

आता आकाराचा हिशेब. पाट्या करणाऱ्यांचा एक ढोबळ नियम आहे, दहा फुटांवरून सहज वाचता यायला इंचभर उंचीचं अक्षर पुरतं. जुन्या गल्लीत समोरची बाजू वीस फुटांवर असते आणि गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला माणूस फार तर साठ फुटांवर. म्हणजे सहा इंचांचं अक्षर भरपूर झालं. तीन फुटी अक्षर महामार्गावर कामाचं, रंगारगल्लीत त्याच्याखाली उभं राहून ते वाचताच येत नाही. देवनागरीत मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. वेलांटी, मात्रा, रफार शिरोरेषेच्या वर जातात आणि उकार, जोडाक्षरं खाली येतात. सहा इंचांच्या अक्षराला पाटीची उंची पंधरा ते अठरा इंच धरा. ‘मूर्ती’ किंवा ‘ज्वेलर्स’ हे शब्द कमी उंचीत कोंबले की वरची रफार किनारीला भिडते आणि पाटी गुदमरल्यासारखी दिसते.

रस्त्यावर आडवी येणारी, दोन्ही बाजूंनी वाचता येणारी छोटी पाटी गल्लीत खूप उपयोगी पडते. ती लहान ठेवा, तिच्याखालून माणूस आणि हातगाडी निर्धोक जाईल एवढी उंच लावा. राजाबाजारच्या संस्थान गणपतीपासून निघणारी विसर्जन मिरवणूक ज्या रस्त्यांवरून जाते, तिथे रस्त्याकडे येणारं काहीही लावताना रथाची उंची आणि ढोलपथकाची गर्दी नजरेसमोर आणा. त्या दिवसापुरती काढून ठेवता येईल अशी, बिजागरीवर किंवा आकड्यावर टांगलेली पाटी सगळ्यात सोयीची.

साहित्य आणि बसवणी

तुम्ही कारागिराला बोलवाल तेव्हा तो पहिल्या पाच मिनिटांत म्हणेल, ‘शेठ, वरून खालपर्यंत अख्खं एसीपी मारून टाकू की. काय दिसायलंय त्या जुन्या भिंतीत?’ यावर एकच उत्तर द्या, ‘दादा, भिंत झाकायची नाही. तुळईएवढीच पाटी पाहिजे.’

एसीपी, म्हणजे अॅल्युमिनियमचे पातळ पत्रे लावलेली तयार पाटं, वाईट आहेत असं नाही, नव्या इमारतीवर चालतात. पण जुन्या भिंतीवर त्यांचं आवरण चढवलं की तीन गोष्टी होतात. चुना आणि मातीची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि नंतर उन्हात सोडते. पुढे पत्रा आला की ती ओल आत अडकते. मागच्या पोकळीत उंदीर, पारवे, कचरा आणि वायरी एकत्र राहायला लागतात. लाकडी तुळईच्या शेजारी असलेली वायर तापली तर धूर बाहेर दिसेपर्यंत आग आत पसरलेली असते. आणि सांगाडा उभा करताना भिंतीला पडलेली भोकं कायमची. सराफ्याजवळच्या एका दुकानाचं असं आवरण आमच्या देखत उतरवलं. आत पाच पाकळ्यांची चुन्याची महिरप होती, वरच्या पाकळीवर निळ्या रंगाचा पुसट वेल. बरोबर कळसाच्या जागी लोखंडी खुंटी ठोकलेली. खुंटी गंजली होती, गंजून फुगली होती आणि तिच्याभोवतीचा चुना वितभर रुंदीचा खपला होऊन हातात आला. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं. दगडसुद्धा त्याने तडकतो.

म्हणून पहिला नियम: भोक पाडायचं असेल तर दगडात किंवा विटेत नको, दोन दगडांमधल्या सांध्यात पाडा. सांध्यातला चुना पुन्हा भरता येतो, फुटलेला दगड जुळत नाही. खुंट्या, बोल्ट, पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या. थोडा जास्त खर्च येतो, पण भिंतीला गंजाचे ओघळ येत नाहीत. भोकं कमीत कमी पाडा. चार खुंट्यांवर एक आडवी पट्टी बसवली की अक्षरं आणि फळी त्या पट्टीवर हवी तशी जोडता येतात आणि पुढे नाव बदललं तरी भिंतीला पुन्हा हात लागत नाही. लाकडी तुळईवर तर भोकसुद्धा नको, तिला वेढा घालणारी पट्टी आणि आत नमद्याचा थर पुरतो.

दुसरी गोष्ट जिवाशी संबंधित आहे. आपल्याकडच्या जुन्या दगडी भिंती बऱ्याचदा दुपाखी असतात, म्हणजे बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मध्ये माती-चिपांचा भराव. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशाच भिंती फुटल्या आणि त्यांच्यावरची जड माळवदं, म्हणजे लाकडी तुळयांवरची मातीची सपाट छपरं, माणसांवर कोसळली, हे लातूर-धाराशिवकडच्या लोकांना सांगायला नको. अशा भिंतीत ठोकलेली खुंटी फक्त बाहेरच्या थराला धरून असते. तिच्यावर जड सांगाडा टांगला आणि वारा भरला तर पाटीबरोबर दगडही खाली येतो. वजन भिंतीवर टाकण्याआधी अनुभवी अभियंत्याला दाखवा. माळवदावर किंवा त्याच्या कठड्यावर फलक उभा करायचा विचारही नको. खांब रोवला की माळवदाची माती फुटते, पाणी लाकडात उतरतं आणि तुळया कुजतात. मे २०२४ मध्ये मुंबईत घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला. ते होर्डिंग प्रचंड होतं, पण मराठवाड्यात वळवाच्या वाऱ्याने दहा बाय चारचा फ्लेक्ससुद्धा सांगाड्यासकट उडताना पाहिलाय.

साहित्य म्हणून मला सगळ्यात योग्य वाटते ती लाकडी किंवा पत्र्याची फळी आणि तिच्यावर हाताने रंगवलेली अक्षरं. शहरात अजून चांगले पेंटर आहेत, मराठी आणि उर्दू दोन्हीचा हात असलेलेही आहेत. त्यांना काम द्या, त्यांच्याकडून आधी कागदावर अक्षरं काढून घ्या. इनॅमल रंगाची पाटी उन्हात काही वर्षं टिकते आणि फिकी पडली तर तीच पुन्हा रंगवता येते. फ्लेक्स मात्र आपल्या उन्हाळ्यात लवकर विटतो आणि फाटून लोंबायला लागतो. त्यापेक्षा पितळेची किंवा स्टीलची सुटी अक्षरं बरी, कारण मधून मागची इमारत दिसत राहते. रंग निवडताना दगडाचा काळसर, चुन्याचा पांढरट, सागाचा तपकिरी हे आधीचे रंग पाहा. गडद जमिनीवर फिकी अक्षरं लांबून चांगली वाचता येतात.

मोठ्या ब्रँडची फ्रँचायझी घेतली असेल तर कंपनीचा ठरलेला मोठा बोर्ड आपोआप येतो. करार करतानाच इमारतीचा फोटो पाठवून लहान आकार मागा. बहुतेक मोठ्या कंपन्यांनी जुन्या शहरांत असे आकार दिलेले आहेत, पण मागितल्याशिवाय मिळत नाहीत.

दिवे

पाटीच्या आत दिवे भरलेली ग्लो साइन, पळती अक्षरं, रंग बदलणाऱ्या एलईडी पट्ट्या जुन्या भिंतीवर नकोत. वरून किंवा खालून पाटीवर प्रकाश टाकणारे दोन छोटे, उबदार पिवळसर रंगाचे दिवे लावा. खोक्यावर २७०० ते ३००० केल्विन लिहिलेले असतात, ते मागा. वायर बंद नळीतून, सांध्याच्या रेषेने न्या. लाकडाला टेकून उघडी वायर अजिबात नको. पाटीला वेगळा स्विच आणि गळती झाल्यास वीज तोडणारं उपकरण बसवा. महावितरणच्या तारा गल्लीत हाताला लागतील इतक्या जवळ असतात, त्यांच्यापासून पाटी लांब राहील हे वायरमनला दाखवून घ्या.

अर्ज

अर्ज महापालिकेच्या संबंधित झोन कार्यालयात किंवा परवाना विभागात. वारसा यादीतली इमारत असेल तर नगररचना विभागही येतो. सोबत दुकानाची आस्थापना नोंदणी किंवा कामगार कमी असल्यामुळे नोंदणी लागत नसेल तर ऑनलाइन दिलेल्या सूचनेची पावती, मालकाची लेखी संमती, मालमत्ता कराची चालू पावती, मोठा किंवा जड फलक असेल तर अभियंत्याचं मजबुतीचं प्रमाणपत्र. पण खरं काम नकाशा करतो. मगाशी काढलेला समोरचा फोटो मोठा छापून घ्या आणि त्यावर पाटी मापात काढा. शेजारी बाजूचा छेद काढून पाटी भिंतीपासून किती पुढे येते, खुंट्या कुठे आहेत, दिवा कुठे आहे ते दाखवा. साहित्य आणि रंग लिहा. टेबलावरच्या माणसाला पाच सेकंदांत कळेल की कमान झाकली जात नाही, तर अर्ज पुढे सरकतो.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. शुल्काची पावती आणि परवानगीची मुदत संपण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण नूतनीकरण विसरलं की परवानगी असलेली पाटीही अनधिकृत ठरते. कोणी मध्यस्थ ‘कागद नंतर करू, आधी लावून टाका’ म्हणाला तर त्याला नकार द्या.

बसवण्याचा दिवस आणि पुढे

बसवताना स्वतः हजर राहा. नकाशाची प्रत कारागिराच्या हातात द्या आणि भोकांच्या जागा खडूने आखून दाखवा. ड्रिल हातोडीच्या झटक्यावर न ठेवता फक्त फिरत्या वेगावर चालवायला सांगा, झटक्याने जुना गिलावा आतून सुटतो. काम संपलं की समोरून, दोन्ही बाजूंनी फोटो काढून परवानगीच्या कागदांबरोबर ठेवा.

दर वर्षी मृगाआधी शिडी लावून खुंट्या, पट्ट्या आणि वायरी पाहा. पाटीमागे पारव्याने घरटं केलं असेल, पानं अडकली असतील तर काढा, ओल तिथूनच सुरू होते. भिंतीला पिंपळाचं रोप आलं असेल तर ते नुसतं उपटू नका, मूळ आत राहतं आणि पुन्हा फुटतं. जाणकार गवंड्याकडून मुळासकट काढून सांधा भरून घ्या.

दुकान सोडायची वेळ आली तर पाटीबरोबर खुंट्याही काढून न्या. उरलेली भोकं सिमेंटने बुजवू नका. सिमेंट चुन्यापेक्षा कडक असतं आणि काही वर्षांत भोवतालचा भाग घेऊन सुटतं. एक भाग भिजवलेला चुना, तीन भाग चाळलेली वाळू आणि रंग जुळायला त्याच भिंतीच्या विटेचा किंवा दगडाचा थोडा चुरा असं मिश्रण करा. भोक आधी पाण्याने ओलं करून ते दाबून भरा, वर ओलं गोणपाट लावा आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारा.